पलूसचा पूर, आटपाडीचं पाणी: तरुण मुलांना हवामान बदल वेगवेगळा का कळतो?

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. येरळा येते खटावच्या कोरड्या माळावरून, कृष्णा उतरते महाबळेश्वरच्या डोंगरातून. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच गावात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. या दोन नद्यांच्या काठांवर वाढलेल्या वीस-बावीस वर्षांच्या दोघांना विचारा, "हवामान बदल म्हणजे काय रे?" उत्तरं इतकी वेगळी येतात, की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. कृष्णाकाठचा मुलगा पुराबद्दल बोलतो. येरळेच्या वरच्या अंगाचा मुलगा म्हणतो, "आमच्याकडे दुष्काळ काय आजचा आहे का?"

यावर आपण मोठी माणसं पटकन म्हणतो, की पोरांना काही माहीत नसतं. मला ते पटत नाही. पोरांना बरंच माहीत असतं. पण प्रत्येकाकडे या विषयाचा एकेक तुकडा असतो. तो कुठून मिळाला, घरातून, शेतातून, पुस्तकातून की मोबाइलवरून, यावर त्याची समज ठरते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे फार स्पष्ट दिसतं, कारण इथं शंभरेक किलोमीटरच्या आत पाऊस इतका बदलतो, की एका टोकाचा अनुभव दुसऱ्या टोकाला खरा वाटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास.

डोळ्यांनी पाहिलेलं

कृष्णाकाठापासून सुरुवात करू. भिलवडी, अंकलखोप, सांगलीवाडी, हरिपूर इथं आज कॉलेजात असणारी मुलं २०१९ साली शाळेत होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ आहे. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. आता यापेक्षा जास्त येणार नाही, असं लोक त्यावेळी धरून चालले. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. त्यामुळे काहीतरी बिघडलंय, हे या मुलांना पटवून द्यावं लागत नाही. काय बिघडलंय, असं विचारलं की मात्र उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात येतं: अलमट्टी, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं धरण. ते उत्तर घरातून आलेलं असतं. त्याबद्दल पुढे बोलू.

आता आटपाडी, खानापूर, माण या भागाकडे वळू. या पट्ट्यातल्या तरुणांचा अनुभव मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. त्यांच्या लहानपणी टँकर होते, चारा छावण्या होत्या. विट्याच्या आसपासच्या गावांतून कितीतरी घरांतले काका-मामा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेले, कारण कोरडवाहू शेतीवर घर चालत नव्हतं. पुढे टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं. तलाव भरू लागले, डाळिंबाच्या बागा वाढल्या, जिथं बाजरीही धड येत नव्हती तिथं ऊस दिसू लागला. म्हणजे याच्या उभ्या आयुष्यात परिस्थिती सुधारत गेली आहे. त्याला "जग संकटात आहे" असं सांगितलं तर तो मान डोलावेल, पण आतून त्याला ते लांबचं वाटेल. त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेला बदल उलट्या दिशेचा आहे.

दोघांचेही अनुभव खरे आहेत, आणि दोघांच्याही अनुभवातून थेट हवामान बदल वाचता येत नाही. माणचा दुष्काळ मुळात पर्जन्यछायेचा आहे. नैऋत्येकडून येणारे ढग सह्याद्री चढताना बहुतेक पाणी पश्चिम उतारावर आणि माथ्यावरच टाकतात, पलीकडे येईपर्यंत ते रिते होत जातात. हे हजारो वर्षं चालू आहे. दुसरीकडे टेंभूचं पाणी हे अभियांत्रिकीचं आणि लोकांच्या लढ्याचं यश आहे. त्यामुळे पावसाचा स्वभाव बदललेला नाही. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं ते पाणी शेवटी डोंगरातल्या पावसावर आणि कोयनेच्या साठ्यावरच अवलंबून आहे. वरचा पाऊस बिघडला, तर आटपाडीलाही ते कळेल, फक्त उशिरा.

पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीतल्या मुलांचा तुकडा आणखी वेगळा आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९० मिलिमीटर पाऊस झाला. माणमध्ये वर्षभरात जेवढा पडतो त्याहून जास्त, एका दिवसात. इथल्या मुलांना हवामान बदल म्हणजे रात्री जोराचा पाऊस लागला की झोप न येणं.

आणि मग द्राक्षवाले. तासगाव, मिरज पूर्व, कवठे महांकाळ इथं वडिलांबरोबर बाग बघणारी तरुण मुलं. निरीक्षणाच्या बाबतीत मी त्यांना सगळ्यांच्या वर ठेवीन. फळछाटणी सप्टेंबरात घ्यायची की ऑक्टोबर उजाडू द्यायचा, यावर वर्षाची कमाई ठरते. फुलोऱ्यात पाऊस किंवा नुसतं मळभ आणि धुकं राहिलं तरी डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतो. बेदाण्याच्या शेडवर माल वाळत असताना मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आला तर रंग जातो, भाव जातो. २०१९ च्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ फिरत होतं, त्या सुमाराच्या पावसानं बागांची काय अवस्था झाली हे ही मुलं बोटावर सांगतात. अरबी समुद्राचं पाणी गेल्या काही दशकांत तापत गेलंय आणि तिथली वादळं जोर धरू लागली आहेत, हा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष त्यांनी वाचलेला नसेल. पण पावसाळा संपल्यावरचा पाऊस आता धरून चालायचा, हे त्यांनी औषधांच्या खर्चातून शिकून घेतलंय.

पुस्तकातून आलेलं

शाळकरी मुलांचं वेगळंच असतं. पाचवी-सहावीच्या मुलांना हवामान बदलाबद्दल विचारलं की प्लास्टिक, कचरा, गाड्यांचा धूर, झाडं तोडणं आणि ओझोनचं भोक हे सगळं एकाच पोत्यातून बाहेर पडतं. हे काही आपल्याच मुलांचं नाही. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉइज आणि मार्टिन स्टॅनिस्ट्रीट यांनी शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या मुलांच्या डोक्यातही ओझोनचं भोक आणि पृथ्वीचं तापणं यांची हीच गल्लत सापडली. समजूत अशी असते: वरती भोक पडलंय, त्यातून ऊन जास्त येतं, म्हणून गरम होतं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, म्हणूनच ती जात नाही.

खरं काय आहे ते थोडक्यात. ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला होता फ्रीज-एसीमधल्या आणि फवाऱ्यांमधल्या काही वायूंमुळे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्या वायूंवर बंदी येत गेली आणि थर हळूहळू भरून येतोय. पृथ्वीचं तापणं ही वेगळी गोष्ट. ऊन हवेतून खाली येतं, जमीन तापते, आणि तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारी उष्णता वर सोडते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू येणारं ऊन फारसं अडवत नाहीत, पण परत जाणारी उष्णता शोषतात आणि तिचा काही भाग पुन्हा खाली टाकतात. ऊन पूर्वीइतकंच येतंय, बाहेर जाणारी उष्णता अडकतेय. कार्बन डायऑक्साइड उन्हात साध्या हवेपेक्षा जास्त तापतो हे १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी प्रयोग करून दाखवलं होतं, आणि हवेत तो वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडलं.

प्लास्टिकचंही तसंच. नदीत, ओढ्यात अडकलेलं प्लास्टिक हा गंभीर प्रश्न आहे, पण तो मुख्यतः प्रदूषणाचा. शाळेत प्लास्टिक गोळा केलं की हवामान बदलाचं काम झालं, असं मुलांना वाटतं, कारण आपणच तसं भासवतो. उलट नायट्रस ऑक्साइडबद्दल कुणी बोलत नाही. तो युरियासारख्या नत्रखतांतून, गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या खतांतून हवेत जातो, आणि वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडकवतो. उसाला खताचा डोस देणाऱ्या आपल्या पट्ट्यातल्या मुलांना हे दहावीच्या आत कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पर्यावरण शिक्षण आपल्याकडे नाही असं नाही. वकील महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच ते सर्व स्तरांवर सक्तीचं करायला सांगितलं. अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' असा विषय आहे. पण तो श्रेणीचा विषय, त्याचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, आणि सगळं लक्ष नीट-सीईटीकडे. पुढे अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं हाच विषय सनावळीसारखा पाठ करतात: पॅरिस करार २०१५, दीड अंशाची मर्यादा, ग्लासगो परिषद २०२१, भारताचं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं (जेवढा वायू सोडू तेवढाच हवेतून काढून घ्यायचं) लक्ष्य २०७०. 'निव्वळ शून्य' का, नुसतं 'कमी' का चालत नाही, असं विचारलं की बहुतेक गप्प बसतात.

सगळ्यांकडेच नसलेला तुकडा

त्या प्रश्नाचं उत्तर पूरग्रस्त मुलाकडेही नसतं, द्राक्षवाल्याकडेही नसतं आणि राज्यसेवेच्या मुलाकडेही नसतं. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जॉन स्टरमन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी याच मुद्द्यावर साधं कोडं घातलं होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेक विद्यार्थी चुकले. त्यांना वाटलं, की दरवर्षी सोडला जाणारा वायू वाढायचा थांबला म्हणजे हवेतला वायूही वाढायचा थांबेल.

एमआयटीच्या मुलांना जे जमलं नाही ते कोयनाकाठच्या मुलाला जमायला हवं, कारण तो दर पावसाळ्यात हेच गणित करतो. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). जुलैत रोज बातमी येते: आवक इतके क्युसेक (सेकंदाला घनफूट), विसर्ग इतका, साठा इतका. आवक एक लाखावरून साठ हजारांवर आली म्हणून धरण रिकामं होऊ लागतं का? नाही. विसर्ग तीस हजार असेल तर पाणी चढतच राहतं, जरा हळू चढतं एवढंच. आवक आणि विसर्ग सारखे झाले की पातळी थांबते. हवेचंही हेच आहे. माणूस दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, ही आवक. समुद्र, जंगलं आणि माती मिळून त्यातला साधारण निम्मा शोषतात, हा विसर्ग. उरलेला साठत जातो. कारखानदारीच्या युगाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आता ४२० च्या वर.

म्हणून निव्वळ शून्य. आणि म्हणूनच आज धूर कमी केला तर उद्या गार होईल असंही नाही, कारण आधीचा साठा शेकडो वर्षं राहणार. मिथेन मात्र साधारण बारा वर्षांत विरतो, त्यामुळे त्यावर केलेलं काम लवकर फळाला येतं. हा साठ्याचा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकीची सनावळी पाठ करावी लागत नाही.

"हे हवामान बदलामुळेच झालं का?"

हा प्रश्न तरुण मुलं नेहमी विचारतात. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देऊ नये.

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यामागे मुख्यतः एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, जे दर काही वर्षांनी नैसर्गिकपणे होतं. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, पेरणीच्या आधीच शेतं भिजली. एका वर्षी ओढ, दुसऱ्या वर्षी घाई; यातलं कुठलंही एक वर्ष काही सिद्ध करत नाही. हवामानशास्त्र निदान ३० वर्षांची सरासरी बघतं. त्या हिशोबात मात्र चित्र स्पष्ट आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. जगाचं, २०११-२०२० या दशकापर्यंत, १.१ अंशानं. हवा एका अंशानं तापली की तिची वाफ धरून ठेवायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस पडतो तेव्हा जास्त जोरानं ओततो. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीनं वाढल्याचं रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं.

एखाद्या ठरावीक घटनेबद्दल शास्त्रज्ञ शक्यता किती वाढली ते सांगतात. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानात आलेली उष्णतेची लाट हवामान बदलामुळे सुमारे ३० पट जास्त संभाव्य झाली, असं त्यांचं गणित होतं. लाट तशीही कधीतरी आली असती, पण फार क्वचित.

आता सांगलीचा पूर. त्यात काही दिवस सलग कोसळलेला पाऊस आहे. आधीच भरत आलेली धरणं आणि त्यांतून सोडायच्या पाण्याचं नियोजन आहे. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत झालेली बांधकामं आहेत, बुजवलेले ओढे-नाले आहेत. अलमट्टीच्या फुगवट्यानं पाणी तुंबतं का हा वाद आहे, आणि त्या धरणाची उंची वाढवायच्या प्रस्तावामुळे तो आणखी पेटलेला आहे. जो मुलगा फक्त 'अलमट्टी' म्हणतो त्याच्या हातून पाऊस निसटतो. जो फक्त 'क्लायमेट चेंज' म्हणतो त्याच्या हातून महापालिका आणि बिल्डर निसटतात. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते, कारण जगाचं नाव घेतलं की गल्लीतल्या कुणालाच जाब द्यावा लागत नाही.

दुष्काळी भागात आणखी एक समज आहे: पवनचक्क्या ढग पळवतात. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव या बाजूला पाती फिरू लागली आणि मग दुष्काळाची वर्षं आली, तेव्हा मोठ्या माणसांनी दोन्हींचा संबंध जोडला. काही तरुण अजून जोडतात. तो मूर्खपणा नव्हता. डोंगरावर नवीन काहीतरी आलं आणि पाऊस गेला, हे त्यांनी खरंच पाहिलं होतं. पण पात्यांची उंची शंभर मीटरच्या आसपास, पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच पसरलेले. आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तिथं एकही पवनचक्की नव्हती. मुलांना उत्तर देताना हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत लवकर पटतो.

काळजी कुणाला, कशाची

२०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी आली. भारत त्यात होता. ५९ टक्क्यांनी आपल्याला हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. आपल्याकडची मुलं ही काळजी वेगळ्या नावानं सांगतात. बाग ठेवायची की काढायची. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी कोण देणार. गावात राहायचं की पुण्याला जायचं. पुराच्या पट्ट्यातलं घर पुन्हा तिथंच बांधायचं का. पाहणीच्या अर्जात हे 'हवामानाची काळजी' म्हणून नोंदलं जाणार नाही, पण आहे ते तेच. पाणी आणायची जबाबदारी जिच्यावर आहे त्या मुलीला, ऊसतोडीच्या फडावर आईबरोबर उन्हात असणाऱ्या मुलीला, एसीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलापेक्षा तापमानातला एक अंश जास्त कळतो. मात्र तिला कुणी विचारायला जात नाही.

कॉलेजच्या मुलांकडून एक रागाचा प्रश्नही येतो: "अमेरिकेनं धूर केला, आम्ही का भोगायचं?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, भारतात २ टनांच्या आसपास. साठा कुणी भरला हे बघितलं तर तफावत आणखी मोठी. ही मुलं न्यायाची भाषा बोलतात तेव्हा त्यांना गप्प करू नये. फक्त भारताच्या आतही पुण्यातला बंगला आणि जतची वस्ती यांत केवढं अंतर आहे, हे त्याच वेळी दाखवावं.

कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ ची पहिली वॉटर कप ही गावांची जलसंधारणाची स्पर्धा जिंकली. तेव्हा श्रमदान केलेल्या तरुणांना विचारलं तर ते म्हणतात, हवामान बदलाचं उत्तर आम्हाला सापडलंय: सलग समतल चर, बांध, झाडं. हे अर्धं उत्तर आहे आणि मोलाचं आहे. त्यानं गाव बिघडलेल्या पावसाशी जुळवून घेतं. दुसरा अर्धा भाग आवक कमी करायचा, म्हणजे कोळसा, डिझेल, जादा खत, शेतात पेटवलेलं पाचट. कॉलेजच्या वर्गात पहिल्या भागाबद्दल कुणी बोलत नाही, गावात दुसऱ्याबद्दल.

हे तुकडे एकत्र आणायला फार काही लागत नाही. महसूल मंडळांत पर्जन्यमापक आहेत आणि तालुक्यांच्या पावसाच्या जुन्या नोंदी मिळवता येतात. नववीच्या वर्गानं आपल्या तालुक्याच्या तीस वर्षांच्या नोंदी काढाव्यात. एकूण पाऊस मांडावा, पावसाचे दिवस वेगळे मोजावेत, एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर कितीदा पडला ते वेगळं मांडावं. मग शेजारी पलूसच्या एखाद्या शाळेचा तक्ता लावावा, आटपाडीच्या शाळेचा लावावा, पाटणच्या शाळेचा लावावा. आजोबांना बहात्तरबद्दल विचारून तेही लिहावं. कुठल्या तालुक्यात बदल स्पष्ट दिसेल, कुठल्यात अजिबात दिसणार नाही. न दिसला तर तसंच लिहायचं आणि का दिसला नाही यावर वर्गात भांडायचं.

तीन शाळांच्या भूगोलाच्या बाईंनी एका फोनवर ठरवलं तर येत्या जूनपासून हे सुरू होऊ शकतं.